आकाशवाणी : प्राध्यापकाच्या घरातून निघालेलं नाव

कंस रथ हाकतोय, मागे नवी नवरी देवकी बसलीय, आणि वरून आवाज येतो : हिचा आठवा तुझा काळ. कीर्तनाला बसणाऱ्या मराठी माणसाला आकाशवाणी पहिल्यांदा भेटली ती अशी. ती दिसत नाही, एकदाच बोलते, तिला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि ती कधी खोटी ठरत नाही. सरकारी रेडिओला याहून सोयीचं नाव मिळालं नसतं. पण ते सरकारला सुचलेलं नाही.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी मानसशास्त्र शिकवत. १९३५ साली त्यांनी आपल्या राहत्या घरात, ‘विठ्ठल विहार’मध्ये, ३० वॅटचा ट्रान्समीटर बसवला आणि रेडिओ केंद्र सुरू केलं. ३० वॅट म्हणजे किती? आपल्याकडे माजघरात जो पिवळा बल्ब लोंबकळायचा ना, तोही ४० चा असे. मुंबईत १९२७ साली एका खासगी कंपनीनं थाटात केंद्र उघडलं होतं. तीन वर्षांत तिचं दिवाळं वाजलं आणि केंद्र सरकारच्या गळ्यात पडलं. भांडवलवाल्यांची ही गत झालेली दिसत असताना एक मास्तर पदरमोड करून घरातून रेडिओ चालवायला बसतो, याला हिंमत म्हणावं की नाद, तुम्हीच ठरवा. मला तरी दोन्ही वाटतं.

या केंद्राचं नाव ‘आकाशवाणी’. ते सुचवण्याचं श्रेय बरेच जण ना. कस्तुरी यांना देतात. तेही म्हैसूरचेच प्राध्यापक, मातृभाषा मल्याळम आणि लिहीत कन्नडमध्ये, तेही विनोदी. पुराणातला धीरगंभीर शब्द उचलून घरगुती यंत्राला चिकटवायला विनोदी लेखकाचंच डोकं हवं, म्हणून मला हे श्रेय पटतं. तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथांनीही १९३८ साली कोलकाता केंद्राच्या लघुलहरी सेवेसाठी याच नावाची कविता लिहिली. शब्द हवेत होताच म्हणायचा.

१९४२ साली म्हैसूर संस्थानानं केंद्र आपल्याकडे घेतलं. स्वातंत्र्य आलं तेव्हा अशी संस्थानी केंद्रं पाच होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा आणि आपलं औरंगाबाद. एकेक करून ती ऑल इंडिया रेडिओत गेली. म्हैसूरची पाळी १९५० साली आली, आणि १९५५ मध्ये केंद्रच उचलून बंगळुरूला नेलं. नाव मात्र दिल्लीनं ठेवून घेतलं. पन्नाशीचं दशक संपण्याआधी साऱ्या देशाचा रेडिओ ‘आकाशवाणी’ झाला होता.

साऱ्या देशाचा म्हटलं, पण तमिळनाडूनं काही ते मनावर घेतलं नाही. तिथे विरोध झाला आणि ‘वानोली’च चालू राहिलं. कन्नडमध्येही ‘बानुली’ आहे. दोन्हींचा अर्थ आभाळातला आवाज असाच, पण शब्द घरचे.

आपल्याकडेही दुसरा शब्द होता : नभोवाणी. वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं ‘माहिती व नभोवाणी मंत्री’ छापत होती. अर्थ तोच, संस्कृत तेवढंच. पण ‘आकाशवाणी, पुणे’ असं रोज सकाळी घरोघर ऐकू यायला लागल्यावर नभोवाणीचा टिकाव लागणं अवघडच होतं. ज्याच्या हातात माईक, त्याचा शब्द रुळतो.

२०२३ मध्ये प्रसार भारतीनं इंग्रजीतूनही ‘ऑल इंडिया रेडिओ’ म्हणणं बंद करून सगळीकडे ‘आकाशवाणी’च म्हणायचं ठरवलं. रेडिओवरचं नाटक मात्र मराठीत अजून नभोनाट्यच आहे. त्याला आकाशनाट्य कुणी म्हणत नाही.