लॅटिन वाक्याचे भाषांतर : मराठी विभक्तीच्या आधाराने

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरली पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खासगी सचिव होते, हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. हेच फॉर्स्टर १९०२ पासून लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामकरी प्रौढांना लॅटिन शिकवत, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. त्या विद्यार्थ्यांपेक्षा हाटपिपल्याच्या मराठी माणसाला लॅटिन एका बाबतीत सोपे आहे. त्याला विभक्ती घरातच मिळालेली असते.

एक वाक्य घेऊ : फीलियुस मात्री पानेम दत्.

१. आधी क्रियापद शोधावे. मराठीप्रमाणे ते बहुधा शेवटी असते. ‘दत्’ म्हणजे देतो किंवा देते. एकवचन कळते, लिंग कळत नाही.

२. मग कर्ता. ‘फीलियुस’ (मुलगा) प्रथमेत आहे.

३. मग कर्म. ‘पानेम’चे मूळ रूप ‘पानिस’, म्हणजे भाकरी. आपला ‘पाव’ याच शब्दापासून पोर्तुगीजमार्गे आला. शेवटचा ‘म’ द्वितीया दाखवतो. मराठीत निर्जीव कर्माला सहसा प्रत्यय लागत नाही, म्हणून ‘भाकरीला देतो’ असे लिहू नये.

४. उरला ‘मात्री’. मूळ ‘मातेर’ (आई), चतुर्थीत ‘मात्री’.

अर्थ : मुलगा आईला भाकरी देतो.

आता ‘मातेर फीलिओ पानेम दत्’ पाहा. शब्द तेच, पण देणारी आई आणि घेणारा मुलगा. खात्यात रक्कम जमेला की नावे, हे जसे एका खुणेने ठरते, तसे हे शेवटच्या अक्षराने ठरते.

लॅटिनमध्ये मुख्य विभक्ती सहा : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी आणि संबोधन. तृतीयेचे आणि बहुतांशी सप्तमीचे कामही पंचमीच करते. कोशात नामाचे प्रथमेबरोबर षष्ठीचे रूपही देतात (मातेर, मात्रिस), कारण पुढची रूपे त्यावरून होतात. मराठीतले सामान्यरूप हेच काम करते : मुलगा, मुला-, मुलाला.

आम्हाला हा विषय इथे मांडावासा वाटला तो याचसाठी. हिंदी शाळेत जाणारी आपली नातवंडे ‘मुलगाला’, ‘घोडाला’ म्हणतात. नुसते टोकून उपयोग होत नाही. शब्द प्रत्ययाआधी रूप बदलतो, हे परक्या भाषेत पाहिले की आपल्या भाषेतलेही लक्षात राहते.

सरावासाठी : ‘रेगेम फीलियुस विदेत्.’ मूळ शब्द ‘रेक्स’ (राजा), ‘विदेत्’ म्हणजे पाहतो. क्रमावर जाऊ नका, शेवट पाहा. उत्तर : मुलगा राजाला पाहतो.