शिपाई, जॅक आणि घोडी

बैल सोडल्यावर गाडीचे जू भुईला टेकू नये म्हणून त्याखाली जो लाकडी टेकू उभा करतात, त्याला आमच्या खेड्यांतून शिपाई म्हणतात. आणि फारसीतून आलेल्या या लष्करी शब्दाला बैलगाडीखाली पहाऱ्यावर उभे करणाऱ्याची समज किती खोल होती, हे मोटारीखाली उताणे निजून काम करण्याची पाळी आली तेव्हा मला प्रथम उमगले.

मोटार उचलणाऱ्या यंत्राच्या नावाची कुळी मात्र निराळी. जॅक हे जॉन या नावाचे इंग्रजांतील घरगुती रूप. ते इतके सर्रास झाले, की कोणत्याही हरकाम्या पोऱ्याला जॅक म्हणू लागले. पुढे बूट ओढून काढण्याचे असो वा विस्तवावर मांसाची सळई फिरवण्याचे असो, अशा पोऱ्याचे काम जे जे अवजार करू लागले त्याला तेच नाव चिकटले, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी ते ओझे उचलणाऱ्या यंत्राकडे आले. यंत्र नावाहून पुरातन आहे. व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच गृहस्थाच्या तेराव्या शतकातील चित्रवहीत मळसूत्राने ओझे उचलण्याची युक्ती रेखाटलेली आहे. द्रवाच्या दाबाविषयीच्या पास्कालच्या नियमावर जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये दाबयंत्राची सनद घेतली, आणि १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने तेच तत्त्व हाताने उचलून नेण्याजोग्या जॅकमध्ये उतरवले.

आपल्याकडचा बाटली-जॅक त्याच वंशातला. दांडा खालीवर केला की लहान दट्ट्या तेलाला मोठ्या दट्ट्याखाली ढकलतो, आणि एका हाताच्या जोरावर गाडी वर येते. परंतु वर आलेली गाडी त्यानंतर केवळ कोंडलेल्या तेलावर, एका इवल्याशा झडपेवर आणि झिजणाऱ्या वॉशरवर तोललेली असते. एकदा रात्री काम अर्धे टाकताना मी वर आलेल्या दट्ट्यावर खडूची रेघ ओढून ठेवली. सकाळी पाहतो तो रेघ बाटलीच्या तोंडात गडप झालेली, गाडी दोन बोटे उतरलेली, आणि रात्रभरात कसलाही आवाज झालेला नाही. पोऱ्याचे काम उचलून देण्याचे. पहारा त्याच्या जिम्मेस लावला ही माझी चूक.

पहारा घोडीचा. सुताराने जिच्यावर फळी टाकून करवत चालवली तीच ही घोडी, कारखान्यात येताना लोखंडाची झाली. ओझे वाहणाऱ्या आधाराला जनावराचे नाव द्यावे, हे इतरांनाही सुचले: फ्रेंचांचा शव्हाले म्हणजे लहान घोडा, जर्मनांचा बॉक म्हणजे बोकड, आणि चित्रकाराच्या ईझलच्या मुळाशी डच भाषेतले गाढव उभे आहे. मोटारीच्या घोडीचे पाय फाकलेले असतात आणि मधला खांब दात्यांवर किंवा आरपार घातलेल्या जाड खिळीवर अडतो. तिथे गळण्यासारखे काहीच नाही. विटांच्या चवडीचा भरवसा मात्र कोणी धरू नये, कारण वीट वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते.

आता मी सपाट, कठीण जमीन पाहतो, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावतो, गाडी उचलून घोड्या चासीच्या भक्कम जागी बसवतो, आणि जॅक हळूहळू सोडून सारा भार त्यांच्यावर येऊ देतो. मग उभ्यानेच गाडीला दोन्ही हातांनी हिसडा देऊन पाहतो. ती ढळली नाही, तरच काढलेले चाक आडवे करून तिच्या पोटाखाली सरकवतो आणि पाठीखाली गोणपाट अंथरतो.