पाडकाम निघालं, आत्या कुठं जाणार?

मी वाघोलीतून बोलतेय, आपल्या बचत गटाची ताई.

ससून म्हटलं की आपल्याला दवाखानाच आठवतो. डेव्हिड ससून हे मूळचे बगदादचे ज्यू व्यापारी. मुंबईत आले, मोठे झाले, 1864 साली पुण्यात वारले. लष्कर भागात लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्याच नावानं पुण्यात 1863 साली अनाथ पंगू गृह सुरू झालं. आज नवी पेठेतल्या त्या घराला 'निवारा' म्हणतात. नाव बदललं ते बरंच केलं. मी पंगू गृहात राहते, असं कुणाला सांगवेल?

सरकार या कामात बरंच उशिरा उतरलं. राज्याची वृद्धाश्रम योजना 1963 ची. पुरुषाला साठीनंतर प्रवेश, बाईला पंचावन्ननंतर. 1995 ला मातोश्री वृद्धाश्रम आले. 2007 च्या केंद्राच्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान 150 निराधारांची सोय, असं लिहिलंय. पण नीट वाचा बरं का. सरकार आश्रम 'काढू शकेल' असं आहे, 'काढलाच पाहिजे' असं नाही.

म्हणून भार राहिला तो धर्मादाय संस्थांवर. त्यांच्या इमारती आता जुन्या झाल्या आणि खालची जमीन सोन्याची. आपली वाघोली 2021 ला महापालिकेत गेली. दगडखाणींच्या गावात टॉवर कसे उगवले, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या गटातल्या एकीची आत्या अशाच एका आश्रमात आहे. दिवाळीत फराळ घेऊन गेलो तर म्हणाली, "इमारत पाडणार म्हणं. मग मी कुठं जाऊ गं?" ऑफिसात विचारलं, कुणी धड सांगेना.

सोसायटीचा पुनर्विकास असेल तर 2019 च्या नियमानं निम्म्याहून जास्त, 51 टक्के सभासदांची संमती लागते. आत्याकडं ना शेअर सर्टिफिकेट, ना मत. सगळं विश्वस्तांच्या हाती. मात्र त्यांच्याही वर एक कुलूप आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 36. ट्रस्टची जमीन, इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायची, तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. बिल्डर आणि विश्वस्त दोघे राजी झाले म्हणून भागत नाही.

मग आम्ही विश्वस्तांना अर्ज लिहिला. बांधकाम चालू असताना म्हाताऱ्या कुठं राहणार? अर्धी इमारत आधी, अर्धी मागून, असं जमेल का? आज जेवढ्या खाटा फुकट आहेत, तेवढ्या नव्या इमारतीत राहतील का? आणि दारं तीन फूट रुंद ठेवा, चाकाची खुर्ची जायला हवी. महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या विकाऊ घरांना हे माप घालून दिलंय, मग आश्रमाला का नको?

खाली अंगठा घ्यायला मी शाईचं पॅड नेलं होतं. आत्यानं ते बाजूला सारलं आणि सही केली. चौथी शिकलीय ती.