अहमदनगर जिल्ह्यातील शस्त्रपरवाना आणि छोटी रायफल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात बंदुकीचा उल्लेख प्रामुख्याने बंड, दरोडा आणि शिकार या तीन संदर्भांत येतो. सर्वसामान्य मनुष्य बंदूक कशी मिळवी, ती कोणत्या प्रकारची असे, तीत आपल्या सोयीनुसार फेरफार करण्याची मुभा त्याला होती काय, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. त्यासाठी एका साध्या शस्त्राचा आधार घेतला आहे. हे शस्त्र म्हणजे बोलीत ‘टू-टू’ म्हणून ओळखली जाणारी .२२ बोअरची छोटी रायफल होय. जगाच्या एका भागात ही रायफल स्वस्त, घरगुती आणि मालकाच्या हौसेप्रमाणे सजवली जाणारी वस्तू ठरली. नगर जिल्ह्यात मात्र तिचे स्वरूप शेतकऱ्याची गरज किंवा कारागिराचे कौशल्य यांपेक्षा परवान्याच्या कागदाने अधिक ठरविले.

छोट्या रायफलीचा जन्म

.२२ बोअरचे काडतूस अमेरिकेत १८५७ साली स्मिथ अँड वेसन यांच्या रिव्हॉल्व्हरबरोबर बाजारात आले. या काडतुसाचे वैशिष्ट्य म्हणजे स्फोटक मसाला तळाच्या मध्यभागी नसून बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याचा आघात कडेवर झाला की दारू पेटते. अशा काडतुसाचे पितळ पातळ ठेवावे लागत असल्याने त्यात दारू थोडीच मावते आणि एकदा वापरलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. परंतु ते अत्यंत स्वस्त पडते, त्याचा धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि आवाजही कमी असतो. आज सर्वत्र वापरात असलेले ‘.२२ लाँग रायफल’ हे त्याचे रूप १८८७ मधील आहे.

तरफेची रायफल याच परंपरेतील होय. बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीत चापाभोवतीचा कडीसारखा दांडा खाली ओढून पुन्हा वर घेतला की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे नळीत चढत असे. तिचे काडतूसही कडेवर पेटणारेच होते, मात्र .४४ बोअरचे. पुढे विंचेस्टर आणि मार्लिन या कंपन्यांनी हीच रचना .२२ बोअरमध्ये आणली. अमेरिकेत अशी रायफल आजही काही शे डॉलरांत मिळते. मालक तिचा दस्ता बदलतो, मागची माशी काढून दुसरी बसवतो, दुर्बीण लावतो, तरफेची कडी मोठी करून घेतो. तेथे केंद्रीय कायद्यानुसार अशा मालकीसाठी परवान्याची अट नाही. रायफलीत फेरफार करणे हा मालकीचाच एक भाग मानला जातो. नगर जिल्ह्यात याच्या नेमके उलट का घडले, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे वळावे लागते.

बंड आणि निःशस्त्रीकरण

ज्या १८५७ साली .२२ चे काडतूस जन्मास आले, त्याच वर्षी हिंदुस्थानात शस्त्रे बाळगण्यावर नियंत्रण आणणारा २८ वा कायदा झाला. नगर जिल्ह्यापुरते पाहता या कायद्याची पार्श्वभूमी दिल्ली-मीरतपेक्षा अधिक जवळची होती. जिल्ह्याच्या पोलीस दलात पूर्वी अधिकारी असलेला भागोजी नाईक हा भिल्ल बंडाचा पुढारी बनला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नाशिक-पुणे मार्गावरील नांदूर शिंगोटे येथे त्याच्याशी झालेल्या चकमकीत अहमदनगरचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ठार झाले. (रायफलीच्या हेन्रींशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे.) १८५९ च्या नोव्हेंबरात भागोजी मारला जाईपर्यंत हे बंड धुमसत राहिले.

या बंडाला सरकारने दिलेले उत्तर दुहेरी होते. एकीकडे जनतेकडील शस्त्रे काढून घेण्यास आरंभ झाला. दुसरीकडे अकोले व लगतच्या डोंगरी भागातील कोळ्यांमधून कॅप्टन नटॉल यांनी एक पथक उभे केले आणि त्यांच्या हाती हलक्या बंदुका दिल्या. सुमारे ६०० जणांचे हे पथक १८६१ मध्ये मोडण्यात आले. येथे ध्यानात घेण्यासारखी बाब अशी की, राघोजी भांगरे याला १८४८ मध्ये ठाण्यास फाशी देऊन अवघी नऊ वर्षे लोटली होती आणि त्याच समाजाच्या हाती सरकार स्वतः बंदूक देत होते. बंदूक वाईट नव्हती. ती कोणाच्या आज्ञेने उचलली जाते एवढाच प्रश्न होता, आणि पुढील प्रत्येक कायद्याने तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला.

१८७५ च्या मे-जून महिन्यांत पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर तीन वर्षांनी, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यास दंगे हेच कारण होते असे म्हणता येणार नाही. परंतु या कायद्याने युरोपीयांना मिळालेली सूट आणि देशी रयतेवर आलेली परवान्याची सक्ती यांमुळे नगरच्या छावणीतील गोरा अधिकारी आणि छावणीबाहेरील पाटील यांच्यातील अंतर स्पष्ट झाले. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत गणला गेला. त्या ठरावाच्या जडणघडणीत महत्त्वाचा वाटा असलेले पंडित नेहरू पुढे १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यातच बंदिवान होते. तथापि घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत यावा म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये मांडलेली दुरुस्ती फेटाळली गेली. अनुच्छेद १९ मध्ये अखेर ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आले.

कलम १३ मधील विभागणी

स्वातंत्र्योत्तर काळातील मूळ दस्तऐवज म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून नियमांसह अंमलात आला. त्याचे कलम १३ बारकाईने वाचण्यासारखे आहे. नागरिकास संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंची नळीची, आटे नसलेली बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, असे हे कलम प्रथम सांगते. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तरच शेतकऱ्यास काडतुसाची छऱ्याची बंदूक मिळू शकते. त्यानंतर .२२ बोअरच्या रायफलीचा नावानिशी उल्लेख येतो. पण तो शेतकऱ्यासाठी नव्हे, तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यास निशाणेबाजीच्या सरावासाठी. इतरांनी ‘पुरेसे कारण’ दाखवावे लागते.

या विभागणीचा अर्थ नगरच्या भूगोलात पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. कर्जत-जामखेडच्या उघड्या माळावर ज्वारीच्या ताटांत शिरणाऱ्या काळविटांना हुसकावण्यास ठासणीची बंदूक हे साधन कायद्याने पुरेसे मानले. छरा थोड्या अंतरावर निकामी होतो. .२२ ची गोळी अवघ्या अडीच-पावणेतीन ग्रॅमची असली तरी सपाट माळावर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि त्या अंतरात वस्ती, गुराखी, वाटसरू असे कोणीही असू शकते. म्हणजे कायद्याच्या या निवडीत वासाहतिक संशयाचा वारसा जसा होता, तसा काही व्यवहारी शहाणपणाही होता. केवळ संशयावर बोट ठेवणारे विवेचन अपुरे ठरेल.

पुढे तर पिकात आलेल्या प्राण्यावर बंदूक चालवणेच अशक्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य आणि १९८० मध्ये कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य घोषित झाले. रेहेकुरीचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतील प्रत्येक परवानाधारकास नोंदणी करावी लागते आणि वन्यजीव विभागाच्या प्रमुखांच्या संमतीवाचून तेथे नवा परवाना मिळत नाही. काळविटाला कुंपण कळत नाही. ते रात्री शेतात येते आणि पहाटे अभयारण्यात परतते. नुकसानभरपाईच्या अर्जाने बंदुकीची जागा घेतली, ती अशी.

फेरफार आणि कारागीर

परवाना मिळालेली रायफल तरी आपल्या मनासारखी करता येते काय? हीच रायफल अनेकांच्या हाती प्रथम राष्ट्रीय छात्र सेनेत आली. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या सेनेच्या सरावात २५ यार्डांवरील कागदी लक्ष्यावर .२२ चा पहिला बार काढलेली महाविद्यालयीन पिढी जिल्ह्यात मोठी आहे. ती रायफल सरकारी होती आणि सराव संपला की शस्त्रागारात परत जाई. स्वतःची घ्यावयाची तर इच्छापूर येथील सरकारी कारखान्याची, खटका मागे-पुढे करून काडतूस चढवण्याची रायफल हा प्रमुख पर्याय होता. तरफेच्या रायफलीस कायद्याची स्वतंत्र मनाई नाही, कारण ती स्वयंचलित नव्हे. परंतु १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली आणि नामांकित नेमबाजांपुरताच अपवाद राहिला. जुनी परदेशी रायफल मग हातोहात महाग होत गेली. ‘स्वस्त’ हे तिचे मूळ विशेषणच गळून पडले.

फेरफाराविषयी कायदा अधिक कठोर आहे. कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती हा परवान्याने चालणारा व्यवसाय आहे. कलम ६ नुसार परवानगीवाचून नळी आखूड करता येत नाही आणि कलम ८ नुसार शस्त्रावरील क्रमांक वा खूण खोडता येत नाही. दस्त्याला तेल देणे, पट्टा लावणे, नळी साफ करणे एवढे मालकाच्या हाती उरते. शस्त्रांना पाणी देऊन धार लावणाऱ्या शिकलगारांचा पारंपरिक व्यवसाय या चौकटीत बसला नाही. ज्या नगरात १५४९ मध्ये रूमी खानाने मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली, त्या नगरातील कारागिराला बंदुकीचा साधा खिळा बदलण्यासाठीही परवाना लागावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल.

२०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा १९८३ पासूनच्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची केली. शासनाचा मूळ प्रस्ताव एकाच शस्त्राचा होता. तो विरोधामुळे बदलला. या दुरुस्तीचा भार जुन्या घरांवर पडला. आजोबांची दोननळी, वडिलांची बारा बोअर आणि कधीकाळी हौसेने घेतलेली टू-टू अशी तीन शस्त्रे एका नावावर असतील, तर एक सोडणे भाग होते. सर्वांत कमी ‘उपयोगाची’ म्हणून अशा वेळी छोटी रायफलच प्रथम जाणार, हे उघड आहे. धारकाच्या मृत्यूनंतर वारसास परवाना मिळेपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. अर्ज निकाली निघेपर्यंत दस्त्याला कसर लागते आणि नळीला गंज चढतो.

छोट्या रायफलीला महाराष्ट्रात खरा मोकळेपणा मिळाला तो कायद्याने तिला नेमून दिलेल्या जागीच, म्हणजे निशाणेबाजीच्या मैदानावर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. दोघांच्याही हाती .२२ ची रायफल होती. तेथे दस्त्याची लांबी, गालाखालची फळी, माशीची उंची ही सारी नेमबाजाच्या अंगाप्रमाणे बेतली जाते. आंतरराष्ट्रीय नियम वजनावर व मोजमापांवर मर्यादा घालतात, पण त्या मर्यादेत शस्त्र नेमबाजाचे असते. नगरच्या माळावरील शेतकऱ्यास पीक राखण्यासाठी जी मुभा कधीच नव्हती, ती खेळाडूस आहे. मात्र त्यासाठी आधी क्लब हवा, त्याचे सदस्यत्व हवे आणि मैदानापर्यंत जाण्याचे भाडे हवे.