रायगडचा वेढा आणि आमचा वर्ग

कापड्याच्या मुलांना इतिहास शिकवताना प्रश्न येतोच, "सर, तेव्हा आपण कोणाकडे होतो?" आम्ही आधी १६३८ चा बगदादचा वेढा सांगतो. आत इराणी, बाहेर तुर्क. कलमा दोघांचाही तोच. मग आपल्या महाडजवळचा रायगड. १६८९ साली त्याला वेढा घालणारा इतिकाद खान इराणी घराण्यातला, त्याचा बादशहा औरंगजेब तैमूरच्या तुर्की वंशातला. राजाराम महाराज निसटले. नोव्हेंबरात गड पडला. येसूबाई व सात वर्षांचे शाहू कैद झाले. खानाला झुल्फिकार खान हा किताब मिळाला. दोन्हीकडे भांडण तख्ताचे होते. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, त्या किताबाचा अभिमान आपल्याला नको आणि त्या वेढ्याचे ओझेही आपल्या डोक्यावर नको.