‘विंचू उतरणे’ : रायगड जिल्ह्यातील तीव्र हृदयविफलतेच्या एका उपचाराचा इतिहास

पेण व रोहा हे तालुके ज्या जिल्ह्यात मोडतात, त्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असे होते. त्यानंतर ते रायगड झाले. भातखाचरे, पेंढ्याच्या उडवी, लाकूडफाट्याचे ढीग, कौलारू घरे व कातकरी-ठाकरांच्या वाड्या यांनी व्यापलेल्या या पट्ट्यात, आणि तेथून दक्षिणेस माणगाव, महाड, पोलादपूरपर्यंत, लाल विंचवाचा वावर जुनाच आहे. अनवाणी पायांनी व उघड्या हातांनी काम करणाऱ्या माणसाला त्याचा दंश होणे ही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु या दंशाने येणारा मृत्यू हा वस्तुतः तीव्र हृदयविफलतेचा मृत्यू होय, हे ध्यानी येण्यास विसावे शतक बरेचसे सरावे लागले. या विलंबाचे एक कारण लोकांच्या आणि वैद्यांच्या भाषेतही शोधता येते.

मराठीत विंचू नुसता चावत नाही. तो ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. ‘विंचू उतरविणे’ हा मांत्रिकाचा व भगताचा व्यवसायच होता. या शब्दप्रयोगामागे एक गृहीत तत्त्व आहे : कळ म्हणजेच विष. कळ दंशस्थानापासून वर सरकली की विष चढले, आणि कळ ओसरली की विष उतरले. बहुसंख्य दंशांच्या बाबतीत हा अनुभव खराही ठरे, कारण बहुतेक रुग्ण काही तासांनी आपोआप बरे होत. साहजिकच ‘उताऱ्या’वरील श्रद्धा दृढ होत गेली. तथापि याच भाषेने दुसऱ्याही लक्षणाची नोंद ठेवली होती. एकनाथांच्या विंचवावरील भारुडात वेदनेबरोबर अंगाला सुटणाऱ्या घामाचा उल्लेख आहे. रूपक आध्यात्मिक असले, तरी त्याचा आधार प्रत्यक्ष निरीक्षणाचा आहे. या घामाचे वैद्यकीय महत्त्व मात्र पुढे चारशे वर्षे कोणी तपासून पाहिले नाही.

१९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशाविषयी लिहिले. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते व त्यामुळे मृत्यू ओढवतो, ही गोष्ट त्या काळात वैद्यकीय वाङ्मयात येऊ लागली होती. परंतु उपचार निश्चित नव्हता. १९७६ नंतर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. दंश झालेल्या रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी प्रत्येक लक्षणाचा क्रम टिपून ठेवला. ओकारी, भरपूर घाम, लाळ सुटणे, पुरुषांत शिस्नाचा ताठरपणा आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे पुढील हृदयविकाराची पूर्वसूचना देतात, असा त्यांचा निष्कर्ष १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. याहूनही मार्मिक निरीक्षण वेदनेसंबंधीचे होते. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळ असे, तो बहुधा वाचे. ज्याची प्रकृती गंभीर होई, त्याला कळ पुष्कळदा फारशी जाणवत नसे. आणि बरे होताना ती पुन्हा जाणवू लागे. म्हणजे ‘विंचू उतरला’ असे ज्या क्षणी म्हटले जाई, तो क्षण कित्येकदा संकटाच्या आरंभाचा असे.

या संकटाची प्रक्रिया आता स्पष्ट झाली आहे. विषातील द्रव्ये मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते. प्रारंभी घाम, लाळ व ओकारी दिसतात; पाठोपाठ अॅड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि या अरुंद वाटांतून रक्त लोटताना हृदयाचा डावा कप्पा थकतो. मागे साचलेला दाब फुप्फुसांत पाणी उतरवितो. रुग्णाला धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. निरोगी माणसाचे हृदय काही तासांत विफल होते ते असे.

हृदयविफलतेच्या सर्वसाधारण विचारातही याच सुमारास पालट होत होता. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिसवर ग्रंथ लिहिल्यापासून दुबळ्या हृदयाला बळ देणे, आणि पुढे मूत्रल औषधांनी साचलेले पाणी काढून टाकणे, हीच उपचाराची मुख्य दिशा होती. हृदयासमोरील अडथळा कमी केला तर तेच हृदय अधिक काम करू शकते, हा विचार १९७० च्या दशकात पुढे आला; १९७७ मधील कोहन व फ्रान्सिओसा यांच्या लेखाने त्याला निश्चित रूप दिले. ओझे वाहणाऱ्याला चाबूक मारण्यापेक्षा त्याचे ओझे हलके करावे, असे हे तत्त्व होय.

पोलादपूरच्या आरोग्य केंद्रात बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिले. ते गुणकारी होते. पण त्यासाठी अखंड देखरेख लागे. ग्रामीण केंद्राला ते पेलणारे नव्हते. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरील औषध मात्र साध्या गोळीच्या रूपात मिळत होते, आणि अॅड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांची वाहिन्यांवरील क्रिया ते अडवीत असे. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा या औषधाविषयीचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मुलांना दर किलो वजनास ३० मायक्रोग्रॅम अशी मात्रा ठरली. रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून रुग्णास आडवेच ठेवावयाचे. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्के होते. ते १ टक्क्याच्या आसपास आले.

प्राझोसिन विष नष्ट करीत नाही. ते विषाने उठविलेले वादळ शमविते. विषावरील थेट उतारा म्हणजे प्रतिविष. महाड येथे ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात, प्राझोसिनसह प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन मिळालेल्यांत ही संख्या ३५ पैकी ८ होती. यावरून दोहोंचे कार्य परस्परपूरक आहे, असे म्हणता येते.

पेण-रोह्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा की, येथे जीवन-मरणाचा निर्णय मुंबईच्या वाटेवर नव्हे, तर जवळच्या आरोग्य केंद्रात, पहिल्या काही तासांत होतो. तेथे गोळी असणे आवश्यक आहेच. परंतु रुग्णाला तेथे कधी आणावयाचे, हे घरची माणसे ठरवितात, आणि ती वेदनेच्या भाषेत ठरवितात. ‘कळ उतरली का?’ या प्रश्नाऐवजी ‘घाम सुटला का, ओकारी झाली का, हातपाय गार पडले का?’ हे प्रश्न जेव्हा घरोघरी विचारले जातील, तेव्हाच बिरवाडीत टिपलेले ज्ञान खऱ्या अर्थाने लोकभाषेत उतरले, असे म्हणता येईल.