सेवाग्रामातील नास्तिक

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडून काढायची ती वितंडा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निरीश्वरवादी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्यात ईश्वराच्या अस्तित्वावर जे जाहीर सामने झाले, त्यांत जल्पाचा अंश मोठा होता. सभागृह, अध्यक्ष, श्रोते आणि टाळ्या असल्या की जिंकण्याचा मोह टाळणे कोणालाही कठीणच.

या सामन्यांतील अग्रणी नास्तिक म्हणजे चार्ल्स ब्रॅडलॉ. संसदेवर निवडून येऊनही शपथेच्या प्रश्नावरून १८८० ते १८८६ अशी सहा वर्षे त्यांना आपली जागा घेऊ दिली गेली नाही. हिंदुस्थानच्या प्रश्नांचा ते संसदेत पाठपुरावा करीत आणि १८८९ च्या मुंबई काँग्रेसलाही ते आले होते. १८९१ च्या आरंभी ते वारले. लंडनमधील हिंदी मंडळी अंत्ययात्रेला गेली, त्यांत एकवीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी मोहनदास गांधीही होता. ब्रॅडलॉंना अखेरचा मान द्यायला काही पाद्रीही आले होते, हे त्याने नोंदवून ठेवले आहे.

परतताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत असता गर्दीतल्या एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले. पृथ्वीचा घेर इतके मैल आहे हे तुम्ही मानता ना, मग तुमच्या देवाचा आकार केवढा आणि तो राहतो कुठे, हे सांगा पाहू! पाद्र्याने मंद आवाजात उत्तर दिले की, आपल्याला कळले तर तो आपणा दोघांच्याही हृदयात राहतो. नास्तिकाने ते उत्तर उडवून लावले आणि पाद्री नम्रपणे गप्प राहिला. या प्रसंगाने नास्तिक मताविषयीची आपली नावड अधिकच वाढली, असे गांधींनी आत्मकथेत म्हटले आहे. प्रश्नकर्त्याकडे युक्तिवाद नव्हता असे नाही. निराकार आणि सर्वव्यापी म्हटल्या जाणाऱ्या वस्तूचे वर्णन करा, ही मागणी तर्कदृष्ट्या अगदीच पोकळ नाही. पण ती ज्या सुरात केली गेली, त्या सुराने ऐकणाऱ्याला पाद्र्याच्या बाजूला ढकलले.

आपल्याकडेही जाहीर धर्मचर्चेची परंपरा होती. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेल्या वादविवादाचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मात्र तिथले दोन्ही पक्ष ईश्वर मानणारे होते. भांडण होते ते कोणाचा धर्म खरा याचे. ईश्वरच नाही, असे म्हणणारा तिसरा माणूस त्या वाळूवर उभा नव्हता. तो वर्धा जिल्ह्यात आला, तेही बऱ्याच वर्षांनी.

गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे 'गोरा', हे आंध्रातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ईश्वरकल्पनेवरील लेखामुळे १९३३ मध्ये त्यांना काकीनाड्याच्या महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली. पुढे १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर गावी त्यांनी नास्तिक केंद्र स्थापन केले आणि अस्पृश्यतानिवारण, सहभोजने, प्रौढशिक्षण या कामाला वाहून घेतले. ईश्वर या शब्दाचा अर्थ काय, असे त्यांनी गांधींना १९३० मध्येच पत्राने विचारले होते. ईश्वर मानवी आकलनापलीकडचा आहे, एवढेच उत्तर आले. १९४१ मध्ये त्यांनी भेट मागितली, तेव्हा गांधींनी वेळ नसल्याचे कळवले आणि नास्तिकता म्हणजे आत्म्याचा नकार, असा शेराही मारला. अखेर १९४४ मध्ये बोलावणे आले. देव न मानणाऱ्या माणसाशी मी काय बोलू, असे गांधींनी हसत विचारल्यावर गोरांनी ताबडतोब दुरुस्ती केली: देवाचा केवळ अभाव वेगळा आणि नास्तिकता ही एक भावात्मक जीवनदृष्टी वेगळी.

म्हणजे स्टेशनवरच्या त्या संभाषणानंतर त्रेपन्न वर्षांनी गांधी स्वतः पाद्र्याच्या जागी उभे होते आणि समोर नास्तिक होता. दरम्यान ते बदलले होते. 'ईश्वर सत्य आहे' हे सूत्र उलटे करून 'सत्य हाच ईश्वर' असे ते १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बोलले, कारण सत्य नाकारणारा नास्तिक त्यांना आढळला नव्हता. तिथेही त्यांनी ब्रॅडलॉंचे नाव घेतले.

सेवाग्रामातील बोलणे फिरताना, कुटीत, सवडीनुसार झाले. श्रोते नव्हते, निकाल देणारा नव्हता. गोरांनी मैलांचा हिशेब मागितला नाही. बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या फुटपाथवर, मिठाईच्या दुकानांच्या शेजारी माणसे भुकेने मेली. देवाची इच्छा आणि प्रारब्ध या समजुतींनीच त्यांचे हात बांधले आणि धनिकांची मनेही निबर केली, असा त्यांचा आरोप होता. हा युक्तिवाद जबर आहे. गांधींनी त्याचे खंडन केल्याचे दिसत नाही. आपली आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे मी म्हणू शकत नाही, दोघेही सत्याचे शोधक आहोत, अशा आशयाचे ते बोलले.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची इथे निराशा होईल. कार्यकारणभाव, सृष्टीची रचना, दुःखाचे अस्तित्व या ठरावीक मुद्द्यांवर कोणी बोलतच नाही. 'ईश्वर आहे काय' या प्रश्नाच्या जागी 'तो मानणारा वा न मानणारा माणूस वागतो कसा' हा प्रश्न बसवला जातो आणि यात मूळ प्रश्नाला बगल मिळते, असे मला वाटते. शिवाय, 'ॲन एथिइस्ट विथ गांधी' हे १९५१ मध्ये नवजीवनने काढलेले पुस्तक गोरांचे, म्हणजे एका पक्षाचे आहे. त्याला प्रस्तावना मात्र वर्ध्याच्या किशोरलाल मशरूवालांची, गांधींच्या निकटवर्तीयाची आहे. बोवेनच्या वृत्तान्ताशेजारी हे पुस्तक ठेवून वाचावे. प्रतिपक्षाचे शब्द लिहून ठेवण्याच्या दोन भिन्न रीती दिसतील.

त्या वेळच्या वर्ध्यात ख्रिस्ती श्रद्धावंतही होते. आर्यनायकम् सेवाग्रामला नयी तालीम चालवीत. मगनवाडीतील ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी येशूच्या आचारावरचे पुस्तक तुरुंगात लिहिले आणि त्यात प्रमाण म्हणून मानले ते आचरणच. तेव्हा गोरांना तिथे वेगळी भाषा शिकावी लागली नसावी.

गोरांची मुलगी मनोरमा हिचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील अर्जुनराव यांच्याशी ठरला. तो सेवाग्रामला व्हावा, ही गांधींची इच्छा. पण आश्रमाच्या विवाहविधीत ईश्वराचे नाव होते आणि ते घेणे वधूपित्याला मान्य नव्हते. गांधींनी ते काढून तिथे सत्याचे नाव घालण्याचे मान्य केले. मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम आश्रमात लग्न लागले, तेव्हा गांधी नव्हते. विधी ठरल्याप्रमाणे, सत्याच्या नावाने झाला.